परीक्षेत नसलेला घास

आमच्या ह्यांचा उजवा हात बरा झाला, असं एका संशोधनाने सिद्ध केलेलं आहे. त्याचा निबंध परदेशातल्या कुठल्याशा मासिकाकडे गेलाय. त्यात म्हणे ह्यांच्या हाताचा आलेख आहे आणि तो शेवटी असा झपकन वर चढतो की बघणाऱ्याने टाळ्याच वाजवाव्यात. त्या हाताला अजून वरण-भात कालवता येत नाही, ही गोष्ट वेगळी. ती निबंधात नाही.

सगळं सांगते. नाहीतर तुम्हाला वाटेल, या बाईला नवऱ्याचं कौतुकच नाही.

हे, म्हणजे गोपीनाथ राजुरकर, सगळी नोकरी भोपाळच्या मोठ्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. लग्न झालं तशी मी नागपूरहून इथे पिपलानीच्या क्वार्टरमध्ये आले, आणि निवृत्तीनंतर आम्ही त्याच भागात लहानसं घर घेतलं. तयार झालेला माल तपासायचा आणि पास किंवा रिजेक्ट करायचा, हे ह्यांचं काम. त्यातही रिजेक्ट करायची हौस दांडगी. आणि ती हौस कारखान्याच्या गेटवर ठेवून यायची पद्धत नव्हती. मी हौसेने विणलेल्या स्वेटरची एक बाही जरा लांब झाली, तर ह्यांनी चक्क टेप आणून मोजली आणि स्वेटर नापास केला. तो अजून पेटीत आहे. भाजीवाल्यापासून भटजींपर्यंत ह्यांनी कुणाला म्हणून सोडलं नाही.

कारखान्यात ह्यांचं एक वाक्य प्रसिद्ध होतं. इन्स्पेक्टर येणार म्हटलं की लोक एक पीस घासूनपुसून चकाचक करायचे आणि ढिगावर वरच ठेवायचे. हे तो उचलायचेच नाहीत. चष्म्यावरून बघत म्हणायचे, "वरचा नको. खालचा दाखव." या एका वाक्याने कित्येकांचा घाम काढला. निवृत्तीच्या समारंभात तर एकाने ह्यांची नक्कल करून दाखवली आणि अख्खं कॅन्टीन हसून हसून लोळलं. हे हसले नाहीत. नक्कल नीट जमली नव्हती म्हणे.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी दाढी करताना ह्यांच्या हातातून ब्रश पडला. उचलायला गेले, तर हातच उचलेना. अर्धांगाचा झटका. दवाखान्यात वेळेवर नेलं म्हणून जिवावरचं टळलं. आधी जीभ परत आली. नर्सने लावलेली चादर वाकडी आहे, हे ह्यांचं पहिलं स्पष्ट वाक्य. मग पाय परत आला. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला, न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा.

मोठ्या डॉक्टरांनी घरी सोडताना मला बाजूला घेऊन सांगितलं, "पहिले काही महिने सोन्याचे. या दिवसांत मेंदू नव्याने शिकतो. जे शिकवायचं ते आत्ता शिकवा. पुढे हात हट्टी होतो." ही मुदत तुम्हीही लक्षात ठेवा.

ह्यांना सगळ्यात लागलं ते जेवणाचं. डाव्या हाताने चमचा धरला तर अर्धं अंगावर. मग मीच भरवायची, तेही आतल्या खोलीत, दार लावून. बेल वाजली की हे तोंड मिटून घ्यायचे आणि ताट लांब सारायचे. एकदा तर तोंडातला घास तसाच धरून बसले, पाहुणा जाईपर्यंत. हा पिपलानीच्या मराठी मंडळींतला एके काळचा नामांकित जेवणारा माणूस. पंगतीत पहिला बसायचा, शेवटी उठायचा आणि आचाऱ्याला चुका सांगून यायचा. आता कुणाकडे जाणं नाही, कुणाला बोलावणं नाही. "ज्या दिवशी उजव्या हाताने जेवेन, त्या दिवशी चारचौघांत बसेन," असं ह्यांनी जाहीर केलं. आणि हे एकदा बोलले की बोलले.

सुरुवात तशी चांगली झाली होती. शर्वरी नावाची फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी यायची. गोड बोलणारी, पण सोडणारी नाही. तिने यंत्रबिंत्र काही आणलं नाही. थेट माझ्या स्वयंपाकघरात शिरली आणि म्हणाली, "काकू, परात द्या. काका, कणीक मळायची." ह्यांनी जन्मात परातीला हात लावला नव्हता. पण लागले मळायला. ओलं फडकं पिळायचं, भात कालवायचा, सांडला की परत कालवायचा. पसारा विचारू नका, रोज ओटा धुवून काढायची मी. पण हळूहळू बोटं उघडायला लागली. एक दिवस भाताचा घास हनुवटीपर्यंत पोचला. तिथून घरंगळला, पण पोचला. मी पुण्याला अमितला, आमच्या मुलाला, फोन लावला आणि बोलायच्या आधीच रडले. त्याला वाटलं, बाबा गेले.

आणि मग आमच्या घरात विज्ञान आलं.

शर्वरी कोटरा सुल्तानाबादमधल्या एका पुनर्वसन केंद्रात काम करायची. तिथल्या जितेंद्र डॉक्टरांनी संशोधन काढलं. मूळचे इंदूरचे मराठी, चेहऱ्यावर सदा आनंद. त्यांनी एक यंत्राचा हातमोजा बनवून घेतला होता. नाव ठेवलं होतं 'नवहस्त'. बारशाला मीठ-मोहरीने दृष्ट काढली असावी, इतकं त्याला जपायचे. निम्म्या पेशंटांना शर्वरीचे हाताचे व्यायाम, निम्म्यांना मोजा, आणि शेवटी कुणाचा हात जास्त सुधारला ते बघायचं. कोण कुठल्या गटात ते संगणक ठरवणार. आमच्या नशिबी मोजा आला. नियमाप्रमाणे शर्वरीचं घरी येणं बंद.

केंद्रात जाऊन मोजा घातला की तो आपणच ह्यांची बोटं उघडायचा, मिटायचा. समोर पडद्यावर झाडावरून सफरचंदं पडायची, ती टोपलीत झेलायची. ज्या माणसाने भल्याभल्या यंत्रांचे भाग रिजेक्ट केले, तो खुर्चीत बसून चित्रातली सफरचंदं गोळा करत होता आणि यंत्र म्हणत होतं, "शाब्बास!" मुलीच्या गोड आवाजात. ह्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, सफरचंदाचा रंग चुकलाय.

मोजा सुरू व्हायच्या आधी परीक्षा झाली. एक लाकडी फळी, तिला भोकं, त्यांत खुंट्या बसवायच्या. कुलपात किल्ली फिरवायची. पत्ते उलटे करायचे. आणि मुलं खेळतात त्या चिकणमातीची वडी काट्या-चमच्याच्या जोडीतल्या काट्याने आणि सुरीने कापायची. हे सगळं करताना डॉक्टर घड्याळ धरून उभे.

मी विचारलं, "ही माती कापायची कशासाठी?"

"काकू, ही स्केल, म्हणजे ही परीक्षा, बाहेरच्या देशातली आहे ना. तिकडे लोक असंच खातात. आपण फक्त फॉलो करायचं."

"मग भात कालवणं कधी आहे?"

"तो आयटम नाहीये त्यात."

"पण आम्ही तसंच जेवतो."

"काकू, आपण कसंही जेवू, जगभर मान्य स्केल आहे ती!" डॉक्टर हसले. मीही हसले. रागाने कधीकधी हसूच येतं.

ह्यांना एकही खुंटी बसवता आली नाही. सुरी हातातून सुटून डॉक्टरांच्या बुटावर पडली. डॉक्टर प्रेमाने म्हणाले, "टेन्शन नका घेऊ काकाजी, स्कोअर कमी आहे, पण बढिया होईल सगळं." स्कोअर कमी! दुसऱ्यांना नापास करण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला नापास करणारा माणूस आज भेटला होता. कोटऱ्याहून पिपलानी म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. हे रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. रिक्षावाल्याच्या चुकीच्या वळणालासुद्धा नाही. मला तेव्हाच धास्ती वाटायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी अनंतरावांना बोलावून घेतलं. अनंतराव ह्यांचे कारखान्यातले जिगरी, टूलरूममधून निवृत्त झालेले, अजूनही जुनी स्कूटर स्वतः दुरुस्त करून चालवणारे. ह्यांनी डाव्या हाताने, वाकडंतिकडं पण मापासकट, त्या फळीचं चित्र काढून ठेवलं होतं. भोकं केवढी, त्यांतलं अंतर केवढं, खुंटीची जाडी किती. एकदाच बघितलं होतं, तेही नापास होता होता. डोळा तो इन्स्पेक्टरचाच.

"अन्या, बनवून आण."

"अरे गोप्या, दोन दिवस दे. गोविंदपुऱ्यात भाच्याचा लेथ आहे, अशी फळी करतो की डॉक्टर मागायला येईल!"

आणि केली. मूळ फळी सागवानाची नव्हती, ही सागवानाची. तिला पॉलिश. खुंट्या पितळेच्या. कुलूप आमच्याच कोठीचं काढलं. पत्ते होतेच. काटे-सुऱ्यांचा संच माझ्या लग्नात आहेर आलेला, तो इतक्या वर्षांनी डब्यातून निघाला. चिकणमाती स्टेशनरीच्या दुकानातून आली. आमच्या बैठकीची परीक्षेची खोली झाली.

मग रोज संध्याकाळी कारखान्यातली निवृत्त मंडळी जमायला लागली. इतक्या वर्षांनी त्यांना पुन्हा टार्गेट मिळालं होतं! एक जण घड्याळ धरणार, एक जण खुंट्या लावून ठेवणार, बाकीचे खुर्च्या ओढून सल्ले देणार. ओव्हरटाइमशिवाय इतक्या आनंदाने काम करताना मी या लोकांना कधी बघितलं नव्हतं. चहा अर्थातच माझा. कारखान्यात मार्चअखेर जवळ आली की जो जोर चढायचा, तोच माझ्या बैठकीत चढला.

आणि युक्त्या निघाल्या. बोटं उघडत नाहीत ना? मग उघडायचीच नाहीत. दोन ताठ बोटांच्या फटीत खुंटी अडकवायची आणि खांद्याने अख्खा हात फेकायचा. कोपर टेबलाच्या कडेला असं टेकवायचं की किल्ली आपोआप फिरते. पत्ता कडेपर्यंत घसटत आणायचा, की उलटतो. सुरी मुठीत अशी रुतवून बसवायची की सुटणारच नाही. हे शोध लागले की सगळे टाळ्या देत. हात सुधारत नव्हता. हात लबाड होत होता.

मी परात घेऊन जायची. "अहो, थोडी कणीक मळा ना. शर्वरीने सांगितलेलं."

"हे परीक्षेत नाही," हे मान वर न करता म्हणायचे.

"भात तरी कालवा."

"परीक्षेत आहे का?"

"पण पोटात जायचंय ना?"

"सिंधू, आधी स्कोअर येऊ दे. मग तुझा भात."

अनंतराव समजुतीने म्हणायचे, "वहिनी, आत्ता डिस्टर्ब नका करू त्याला. लय लागलीय." मला त्या पितळी खुंट्या वेचून वेचून नाल्यात फेकाव्याशा वाटायच्या. सोन्याचे दिवस चालले होते, आणि माझ्या घरात ते घड्याळ लावून वाया घालवले जात होते. हनुवटीपर्यंत आलेला घास आता छातीपर्यंतही येत नव्हता. बोटं आकड्यासारखी वळून बसायला लागली होती. जेवण तसंच, आतल्या खोलीत, दार लावून.

मी केंद्रात शर्वरीला गाठलं आणि सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. ती तशीच जितेंद्र डॉक्टरांकडे गेली. मी दाराशी उभी होते. डॉक्टर तिला म्हणाले, "अरे, घरी प्रॅक्टिस करतात? ये तो मोटिव्हेशन है! चांगलंच आहे ना." ती म्हणाली, "सर, ते फक्त टेस्टची प्रॅक्टिस करतात." डॉक्टर म्हणाले, "तर टेस्ट कशाची आहे? हाताचीच आहे ना?" ती फाइल उचलून बाहेर आली. तिची नोकरी त्यांच्या हाताखाली.

तिथेच बाहेरच्या बाकावर शर्वरीच्या गटातल्या रत्नप्रभाबाई बसायच्या. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, झटका ह्यांच्याच सुमारास आलेला, तोही उजव्या बाजूला. दुसऱ्या, म्हणजे शेवटच्या परीक्षेच्या दिवशी त्या खट्टू होऊन बाहेर आल्या. निम्म्या खुंट्या खाली पडल्या म्हणाल्या, माती तर कापलीच गेली नाही. बोलता बोलता त्यांनी पिशवीतून संत्रं काढलं. उजव्या हाताने, सावकाश, ते सोललं, वरच्या शिरा काढल्या आणि फोड माझ्या हातावर ठेवली. "घ्या. नापास बाईच्या हातची." मी ती फोड खाल्ली, आणि खोटं कशाला बोलू, मला त्या बाईचा भयंकर हेवा वाटला.

आतमध्ये आमच्या ह्यांनी फळीचा नुसता फडशा पाडला होता. डॉक्टरांना घड्याळ दाबायलाही उसंत मिळाली नाही म्हणे. कुलूप उघडलं, पत्ते उलटले, मातीच्या सारख्या मापाच्या चौकोनी वड्या पाडल्या. पूर्ण स्कोअर! डॉक्टरांनी ह्यांना मिठीच मारली. मोज्याच्या लहानशा गटातले बाकीचे पेशंट होते तिथेच होते, पण आमच्या एकट्याने अख्ख्या गटाची सरासरी उचलून धरली. मोजा जिंकला. शर्वरी हरली. हे बाहेर आले ते असे, की जणू मोठ्या ऑर्डरचा माल पास होऊन रवाना झालाय.

"बघितलंस?" मला म्हणाले.

"बघितलं," मी म्हटलं. "उद्यापासून भात?"

"उद्यापासून भात."

पण उद्या भात हातात येईना. परवाही येईना. बोटांना आता एकच माहीत होतं, खुंटी धरायची. भात खुंटीसारखा धरता येत नाही. चार-आठ दिवसांनी ह्यांनी ताट सारलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. फळीवरचं पॉलिश मात्र झगझगीत होतं.

हिवाळ्यात केंद्राने समारंभ ठेवला. नवहस्त आता सगळीकडे नेणार म्हणून. कुठल्याशा खात्यातले मोठे निवृत्त अधिकारी मुख्य पाहुणे. मंचावर मोज्याला हार घातला होता. मोज्याच्या बाजूला ह्यांना बसवलं. खाली पहिल्या रांगेत अनंतराव आणि आमची सगळी संध्याकाळची मंडळी, सफारी घालून. ह्यांनी सगळ्यांसमोर फळी भरून दाखवली. टाळ्या. फोटोग्राफर गुडघ्यावर बसून फोटो काढतोय. जितेंद्र डॉक्टर माइकवर म्हणाले, "ही आहे विज्ञानाची कमाल. काकाजी टोटली रिकव्हर्ड आहेत!" शर्वरी मागे भिंतीला टेकून उभी होती. ती टाळ्या वाजवत होती, पण आवाज येत नव्हता.

नंतर हिरवळीवर जेवण. मला वाटलं होतं समोसा-चहा असेल. तर टेबलं मांडलेली आणि बेत डाळ-बाफल्यांचा.

तुम्ही भोपाळकडचे नसाल तर सांगते. बाफला म्हणजे कणकेचा गोळा, आधी पाण्यात उकडायचा, मग निखाऱ्यावर भाजायचा, मग तुपात बुडवायचा. तो ताटात हाताने फोडून चुरायचा, वर डाळ ओतायची आणि कालवायचं. चमच्याचं काम नाही. हे सगळं हातावर चालतं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उठलेच. "आम्ही घरी जाऊन जेवू. ह्यांचं पथ्य असतं."

"अरे वा, असं कसं काकू!" डॉक्टरांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून ह्यांना मुख्य पाहुण्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. "आज तो आप का दिन है, काकाजी!"

मुख्य पाहुण्यांनी बाह्या सरसावून बाफला फोडला. ह्यांच्या ताटातही दोन पडले. पाहुणे म्हणाले, "लीजिए, राजुरकर साहब. अब तो हाथ चल रहा है." आजूबाजूची टेबलं कौतुकाने बघायला लागली. बऱ्या झालेल्या हाताने जेवताना माणूस कसा दिसतो, हे सगळ्यांना बघायचं होतं.

ह्यांनी हात उचलला. खांद्याने, फेकून, सवयीप्रमाणे. दोन ताठ बोटं बाफल्यावर आपटली, बाफला ताटातून उडाला, टेबलावरून घरंगळत पाहुण्यांच्या मांडीवर गेला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टर सावध माणूस. लगेच हाक मारली, "अरे भाई, काटा-छुरी लाओ! काकाजी काट्या-सुरीने करतात. स्केलवर आहे ना." कुठून तरी काटा-सुरी आली. ह्यांनी सुरी मुठीत रुतवली आणि दुसऱ्या बाफल्याच्या, तुपाने ओथंबलेल्या त्या गोळ्याच्या, एकसारख्या चौकोनी वड्या पाडल्या. सुबक. एकही तुकडा लहानमोठा नाही. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

टाळ्या संपल्या. वड्या ताटात होत्या. कापलेलं तोंडापर्यंत न्यायचं, हे परीक्षेत नव्हतं.

हे ताटाकडे बघत राहिले. डाळ निवत चालली. पाहुणे म्हणाले, "शुरू कीजिए ना." मला वाटलं, हे आता ताट सारणार आणि उठणार, आणि मग आयुष्यात पुन्हा घराबाहेर पडणार नाहीत.

तर हे डॉक्टरांकडे वळले. अगदी कामावरच्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, मी जन्मभर इन्स्पेक्शनला होतो. तुम्ही वरचा पीस बघितलात. खालचा मागितलाच नाहीत."

"म्हणजे, काकाजी?"

"हा हात रिजेक्ट करा."

डॉक्टर मोठ्याने हसले. पाहुण्यांना म्हणाले, "बडे मज़ाकिया हैं."

"मी थट्टा करत नाही. मी तुम्हाला फसवलं, आणि तुम्हाला फसायचंच होतं. घरी फळी बनवून घोकंपट्टी केली मी. हा अनंत बसलाय, विचारा त्याला." अनंतराव डाळीच्या वाटीत बघायला लागले. "मला आता शर्वरीच्या गटात घाला."

डॉक्टरांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. हलक्या आवाजात म्हणाले, "काकाजी, असं कसं होणार? तिथे ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी जागा असतात. आणि निबंध तर गेलासुद्धा."

ह्यांनी शर्वरीकडे बघितलं. ती जवळ आली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "काका, मी काय करू? सगळीकडे तुमचं नाव बरे झालेल्यांत लागलंय."

"आणि ते सोन्याचे दिवस?" ह्यांनी तिला विचारलं. "ते अजून आहेत का?"

तिने ओढणीने डोळे पुसले. एवढ्या हुशार मुलीला खोटं बोलता येऊ नये, याचा मला त्या क्षणी राग आला.

मी उठले. नळावर हात धुतले, माझी खुर्ची ओढली आणि ह्यांच्या शेजारी, पाहुणे आणि ह्यांच्या मधोमध घुसवली. काटा-सुरी उचलून डॉक्टरांच्या हातात दिली. त्या सुबक वड्या चुरून टाकल्या, डाळ घातली, कालवलं आणि घास करून ह्यांच्या तोंडासमोर धरला. अख्खी हिरवळ बघत होती. फोटोग्राफर तिथेच घुटमळत होता. "काढा की," मी त्याला म्हटलं, "हाही निकालच आहे." त्याने कॅमेरा खाली घेतला.

ह्यांनी पाहुण्यांकडे बघितलं, सफारीवाल्यांकडे बघितलं, बेल वाजल्यावर करायचे तसं तोंड घट्ट मिटलं. मी हात मागे घेतला नाही. घासातलं तूप माझ्या मनगटावरून ओघळायला लागलं. मग ह्यांनी तोंड उघडलं. घास घेतला, नीट चावला, गिळला.

"तूप कमी आहे," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

मी तूप वाढून घेतलं. दुसरा घास केला नाही. ह्यांचा तो आकडा झालेला उजवा हात उचलला आणि ताटात ठेवला, कोमट डाळीत.

"कालवा," मी म्हटलं.

"इथे? सगळ्यांसमोर?"

"जन्मभर लोकांना सांगितलंत ना, वरचा नको म्हणून? दाखवा आता खालचा."

ह्यांनी मान खाली घातली. मग बोटं हलली. डाळ टेबलावर सांडली, पाहुण्यांच्या बाहीवर उडाली, माझ्या साडीवर आली. पाहुणे खुर्ची मागे घेऊन उठले. डॉक्टर त्यांच्यामागे धावले. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो आणि हे कालवत राहिले.